आप्पा जिवंत असताना

धायरी, पुणे ४१
१७ ऑगस्ट २०२४

आप्पा,

पत्राच्या सुरुवातीला शिरसाष्टांग नमस्कार लिहायचा असं शाळेत शिकवलं होतं. पण डोकं टेकवलं की तुम्हाला नेमकं तेच दिसणार, म्हणून नुसता नमस्कार लिहितो.

फोन तुम्ही घेत नाही. बायडाआत्या म्हणाली, माझं नाव दिसलं की तुम्ही फोन पालथा घालून ठेवता. म्हणून हे पत्र कागदाच्या दोन्ही बाजूंनी लिहिलं आहे. पालथं घातलंत तरी वाचावं लागेल.

तुम्ही नसरापूरला आत्याकडे गेल्याला आज तीन महिने आठ दिवस झाले. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणालात, "बाप जित्ता असताना पोरानं मिशी उतरवली. ही मिशी परत दिसंल तवाच ह्या उंबऱ्यात पाय ठेवीन." मला उत्तर सुचायला वेळ लागतो, हे तुम्हाला माहीत आहे. आता सुचलं आहे.

मिशी मी उतरवली नाही. निदान सगळी नाही. उजवी बाजू आपोआप गेली होती. उरलेली डावी मी काढायला लावली. अर्धी मिशी घेऊन दुकानात कोण बसेल? तुम्ही मार्केट यार्डात काट्यावर बसला असता का?

सुरुवात डिसेंबरात झाली, ती तुम्हीच पाहिली होती. सलूनवाल्याने मानेच्या वर रुपयाएवढा गुळगुळीत गोल दाखवला. तुम्ही म्हणालात, चाई आहे, कांद्याच्या रसाने जाते. एकतीस वर्षं कांदा तोलला तुम्ही, तुमच्याएवढा कांदा कोणाला कळणार? दोन महिने रोज सकाळी तुम्ही स्वतः रस काढून माझ्या डोक्याला चोळत होतात. दोघांच्याही डोळ्यांतून पाणी. फेब्रुवारीत उशीवर पुंजके पडायला लागले. मार्चमध्ये भुवया गेल्या, एप्रिलमध्ये पापण्या. पापण्या कशासाठी असतात ते गेल्यावर कळलं. घाम सरळ डोळ्यांत उतरतो. फ्लेक्सच्या मशीनची धूळही.

सरकारी दवाखान्यात त्वचेच्या डॉक्टर आहेत, शेफाली मॅडम. त्यांनी केसपेपरच्या मागे केसाचं मूळ काढून दाखवलं. आपल्या शरीरात राखण करणाऱ्या पेशी असतात. बाहेरून रोग आला की त्याला मारायचं, एवढंच त्यांचं काम. माझ्या राखणदारांची ओळख चुकली. ते माझ्याच केसांच्या मुळांना चोर समजले. एका ठिकाणी झालं तर चाई; सगळ्या अंगावर झालं तर त्याला अॅलोपेशिया युनिव्हर्सॅलिस म्हणतात. हे मी कागदावरून अक्षर अक्षर बघून उतरवलं आहे. मुळं मेलेली नाहीत, आत दबून बसली आहेत. हा रोग कंगव्याने, टोपीने, शेजारी बसल्याने दुसऱ्याला होत नाही.

"आणि कुणाच्या पापाने?" मी विचारलं. आत्याने तुमच्या वतीने तसं म्हटलं होतं म्हणून.

मॅडम म्हणाल्या, "पापाची तपासणी आमच्याकडे होत नाही. बाकी सगळ्या होतात."

आता त्या फ्लेक्सबद्दल.

तुम्ही धरून चाललात की तुमच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स मी बनवला, कारण तो आमच्याच दुकानात छापला गेला. मी बनवला नाही. सात मेला संध्याकाळी मी सुट्टी घेऊन सलूनमध्ये गेलो, उरलेसुरले केस आणि ती अर्धी मिशी काढून चौकातून घरी आलो. डोकं आणि मिशी उतरवलेला मुलगा दिसला की आपल्याकडे कोणी विचारत नाही, कोण गेलं. हात जोडतात. तुम्ही आणि आई तीन आठवडे आत्याकडे. जाताना तुम्ही खोकत गेला होतात. लोकांनी हिशोब लावला की तुम्ही गेलात आणि अंत्यविधी तिकडेच उरकला. विक्रमभाऊंना नगरसेवक व्हायचं आहे. त्यामुळे आपल्या भागात कोणी गेलं की घरच्यांना कळायच्या आत त्यांचा फ्लेक्स लागतो. त्यांच्या पोरांनी आमच्या दुकानाच्या मालकांना, पोपटशेठना फोन केला. तुमचा फोटो दुकानाच्या कॉम्प्युटरवर होताच, तुमच्या निवृत्तीच्या वेळचा, फेटा बांधलेला. शेठनी त्यालाच हार घातला. एरवी दुकानातलं प्रत्येक अक्षर छापण्याआधी माझ्याकडे तपासायला येतं. त्या दिवशी शेठना वाटलं, पोरगं दुःखात आहे, त्याला कशाला त्रास. चार वर्षांत माझ्या नजरेखालून न गेलेला तो पहिला फ्लेक्स. त्यात दोन चुका होत्या. तुम्ही मेला नव्हता, ही धरून तीन.

आठ तारखेला मी दिवसभर घरीच होतो. संध्याकाळी तुम्ही दोघं चौकात बसमधून उतरलात तेव्हाच मलाही कळलं. दत्तोबा वाण्याच्या हातातून तेलाची पिशवी पडली. बायका आईच्या कपाळाकडे बघायला लागल्या. तुमचा राग कशाचा आहे हे मला कळतं. पण तो माझ्यावर काढण्यासारखं मी काही केलेलं नाही.

या महिन्यात माझ्या तपासण्या आहेत. एक नवी गोळी निघाली आहे. ती तुमच्या अटीसाठी घेत नाही, हे आधीच लिहून ठेवतो.

साईनाथ


९ सप्टेंबर २०२४

आप्पा,

पहिल्या पत्राला उत्तर नाही. या पत्राला लागेल.

गोळीचं असं आहे. राखणदार पेशी एकमेकींना निरोप धाडतात, इकडे या, इथे चोर आहे. जॅक नावाचं काहीतरी तो निरोप आत पोचवतं. गोळी जॅकला अडवते. निरोप पोचला नाही की मुळांवरचा मार थांबतो. पण निरोप अडला की खरा चोर आला तरी राखणदार सुस्त राहतात. म्हणून आधी रक्त, लिव्हर, छातीचा फोटो आणि टीबी तपासतात. नागीण उठू शकते, रक्तात गुठळी होऊ शकते, हेही मॅडमनी सांगितलं. गोळीने सगळ्यांना केस येत नाहीत. माझ्यासारख्या पूर्ण गेलेल्यांत तर निम्म्यांनाही नीट येत नाहीत. त्या काही लपवत नाहीत. म्हणून त्यांच्यावर माझा विश्वास बसला.

माझी टीबीची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली. छातीचा फोटो स्वच्छ आहे. म्हणजे टीबी झालेला नाही, पण त्याचे जंतू कधीतरी आत येऊन झोपले आहेत. आपल्याकडे पुष्कळांत असतात म्हणे. पण राखणदार सुस्तावले तर ते उठतील. त्यासाठी आधी वेगळं औषध घ्यावं लागतं.

मॅडमनी विचारलं, "घरात कोणाला टीबी झाला होता? औषध पूर्ण केलं होतं का? साधा होता की औषधाला दाद न देणारा? त्यावर तुझं औषध ठरेल."

मी शेजारी बसलेल्या आईकडे बघितलं. आई पंख्याकडे बघत होती.

आप्पा, मी तिसरीत होतो. तुम्ही एक दिवसाआड पहाटेच्या बसने येरवड्याला जात होतात. तिथून मार्केट यार्ड. सहा महिने. आम्हाला सांगितलं होतंत, ओळखीचा माणूस जेलमध्ये आहे, त्याला भेटायला जातो. तेव्हा तुमचं ताट वेगळं होतं आणि तुम्ही मला जवळ घेत नव्हतात. मी शाळेत मुलांना सांगितलं होतं की आमच्या ओळखीचा एक माणूस आत आहे. त्या वर्षी वर्गात माझा वट होता. आता मोठा झाल्यावर वाटतं, कैद्याला एक दिवसाआड कोण भेटू देतं?

तुम्हाला टीबी होता का, एवढंच सांगा. हो की नाही. हो असेल तर औषध पूर्ण केलंत का?

साईनाथ


२० सप्टेंबर २०२४

आप्पा,

तुमचं कार्ड आलं. "मला काही नव्हतं. कांद्याच्या फोलपटाचा खोकला होता. भैरू."

तुम्ही काट्यावर बसायचात तेव्हा मी एकदा डबा घेऊन आलो होतो. एक व्यापारी घाई करत होता, "अहो तोलणार, बोला लवकर, किती भरलं?" तुम्ही त्याच्याकडे न बघता म्हणालात, "काटा थांबल्याबिगर आकडा सांगायचा नसतो. तुमची घाई काट्याला नाय कळत." सगळा गाळा हसला होता. मला तुमचा एवढा अभिमान वाटला होता की डबा तसाच हातात धरून उभा राहिलो.

तुमचं कार्ड मी मॅडमना दाखवलेलं नाही. हा काटा अजून हलतो आहे. मी थांबतो.

पण मॅडम फार थांबणार नाहीत. चुकीच्या माहितीवर औषध दिलं तर उद्या माझ्या छातीत जे उठेल त्याला कांदा जबाबदार नसेल.

साईनाथ


३ ऑक्टोबर २०२४

आप्पा,

परवा पाकीट आलं. आत चिठ्ठी नव्हती. नुसतं पिवळं पडलेलं, घडीवर चिरलेलं औषधाचं कार्ड. २००९ साल. येरवड्याचं केंद्र. नावाच्या जागी तुमचं नाव, पत्त्याच्या जागी खोटा पत्ता. खाली चौकोन, प्रत्येक डोसाला एक. मी मोजले. एकही चौकोन रिकामा नाही. शेवटी शिक्का, उपचार पूर्ण.

मॅडमनी ते कार्ड बराच वेळ धरून ठेवलं. मग म्हणाल्या, "एवढ्या लांब जाऊन एकही दिवस चुकवला नाही? असे पेशंट मिळत नाहीत हो. साधा होता आणि पूर्ण बरा झाला. तुझं सोपं झालं." मला सहा महिने रोज एक गोळी दिली आहे, जंतू झोपेतच संपावेत म्हणून. महिनाभर ती घेतली की जॅकची गोळी सुरू. मीही चौकोन आखून घेतले आहेत.

पंधरा वर्षं तुम्ही हे कार्ड कुठे ठेवलं होतंत मला माहीत नाही. आईलाही नाही. टीबीचा पेशंट म्हणवून घेण्यापेक्षा कैद्याचा दोस्त म्हणवून घेणं तुम्हाला बरं वाटलं. लोकांनी तुमच्याकडे कसं बघावं, ते तुम्ही ठरवलंत. मला हे फार समजतं, आप्पा. का, ते आता लिहितो. तुम्ही कार्ड पाठवलं नसतं तर लिहिलं नसतं.

आठ मेला मी घरी नव्हतो.

सकाळी साडेआठला मी दुकानात जायला निघालो आणि चौकात तो फ्लेक्स बघितला. दोन्ही चुका लगेच दिसल्या. मग तुमचा फोटो दिसला. मग नाव. मी पुढे होऊन फाडणार होतो. तेवढ्यात दत्तोबा दुकानातून उठून आले आणि त्यांनी माझ्यासमोर हात जोडले.

टपरीवरची पोरं तुम्हाला माहीत आहेत. चार महिने ती मला "अंडं आलं, बाजूला व्हा, फुटेल" म्हणत होती. त्या सकाळी ती उठून उभी राहिली. एकाने सिगारेट पायाखाली विझवली. दुसरा म्हणाला, "सायनाथ, काय लागलं तर हक्कानं सांग." दुकानात पोपटशेठनी स्वतःची खुर्ची पुढे केली. म्हणाले, "तू कशाला आलास आज? बस. चहा घे." मी बसलो. चहा घेतला. ज्या गिऱ्हाइकांनी कधी मला बघून बोलणं अर्धवट सोडलं होतं, ती पाठीवर हात ठेवून गेली. चार महिन्यांत पहिल्यांदा कोणी माझ्या डोक्याकडे बघितलं नाही. डोळ्यांत बघितलं. कारण माझ्या डोक्याला आता कारण होतं. सगळ्यांना समजेल असं, मान असलेलं कारण.

मला एकच वाक्य बोलायचं होतं. आप्पा जिवंत आहेत. मी ते सकाळी साडेआठपासून संध्याकाळी सहापर्यंत बोललो नाही.

मला माहीत होतं की तुम्ही त्याच दिवशी येणार आहात. आईने आदल्या रात्री फोनवर सांगितलं होतं. तरी नाही बोललो. आणखी एक तास, आणखी एक तास, असं करत राहिलो. तुम्हाला मी साडेनऊ तास मेलेलं ठेवलं. आईला साडेनऊ तास विधवा ठेवलं. फ्लेक्स मी बनवला नाही, हे खरं आहे. पण बनवणाऱ्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

मला याची लाज वाटते आणि ती मी तुमच्यापुढे ठेवतो. पण एक गोष्ट मी लाजेखाली दडपणार नाही. मला माणसांत घ्यायला या चौकाला माझ्या बापाचं मरण लागलं. नुसता आजार पुरला नाही. त्या चौकात तुम्हीही आलात, आप्पा. "बाप जित्ता असताना" हे तुम्ही मला सांगितलं नव्हतं, चौकाला ऐकवलं होतं. दार उघडं होतं आणि तुमचा आवाज मोठा होता.

आता तुमच्याकडे माझं खरं आहे आणि माझ्याकडे तुमचं. तुम्हाला आणखी राग आला असेल तर येऊ दे. पण आता तो खऱ्या गोष्टीवर येईल.

साईनाथ


२ मार्च २०२५

आप्पा,

पाच महिने तुमचं काही आलं नाही. मीही लिहिलं नाही. तुम्ही रागावला आहात की विचार करताय, हे आत्यालाही सांगता येत नाही. ती म्हणाली, "दादा ते पत्र उशाखाली ठेवतो. वाचतो का ते नाय माहीत, पण गादी झाडू देत नाय."

कळवायचं ते थोडं आहे. जॅकची गोळी सुरू होऊन चार महिने झाले. दर महिन्याला रक्त तपासतात. एकदा कोलेस्टेरॉल वाढलं, तोंडावर फोड आले, बाकी ठीक. जानेवारीत भुवयांच्या जागी पांढुरकी लव दिसली. मला वाटलं दुकानातली धूळ असेल, म्हणून पुसली. गेली नाही. आता भुवया काळ्या आहेत. पापण्या आखूड आहेत, पण आहेत. परवा मोटरसायकलवरून येताना कपाळावरचा घाम बाजूने खाली गेला. डोळ्यांत नाही गेला. मी गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ उभा राहिलो.

डोक्यावर नकाशासारखं झालं आहे. कुठे जंगल, कुठे माळ. मिशीच्या जागी अजून काही नाही. आत्याला म्हणावं, आईला रोज विचारू नकोस.

दिवसभर मी लोकांना केस लावतो, हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर जो कोणी भाऊ, दादा, साहेब असतो, त्याचं टक्कल भरायचं आणि मिशी काळी करायची, हे आमच्याकडचं रोजचं काम. पोपटशेठ म्हणतात, "साईनाथच्या हाताला केस चांगले येतात." ते चेष्टेने म्हणत नाहीत. काम खरंच चांगलं होतं.

साईनाथ


२५ मे २०२५

आप्पा,

आईने मला न सांगता माझा फोटो आत्याच्या फोनवर पाठवला. तुम्ही तो मोठा करून बघितलात आणि म्हणालात, "आली की रं मिशी." मग पिशवी भरायला घेतलीत. आत्याने फोन करून हे सांगितलं तेव्हा आई पदराने डोळे पुसत जोंधळ्याचं पीठ चाळत होती. तुम्ही येत्या रविवारी, एक जूनला येणार, असं ठरलं आहे.

पिशवी उचलायच्या आधी हे वाचा.

मिशी आली होती, हे खरं आहे. दोन्ही बाजूंना, जवळजवळ सारखी. ती मी काल काढली.

रागावण्याआधी का ते ऐका. मॅडमना मी विचारलं, गोळी किती दिवस? त्या म्हणाल्या, "ते अजून कोणालाच नीट माहीत नाही. बंद केली तर बहुतेकांचे पुन्हा जातात. कधी गोळी चालू असतानाही जातात. हे तू गृहीत धरूनच राहा." मी घरी येऊन विचार केला. समजा मिशी आहे म्हणून तुम्ही आलात. पुढच्या वर्षी नागीण उठली आणि गोळी बंद करावी लागली. मिशी गेली. मग तुम्ही परत नसरापूरला जाणार का? परत आली की परत येणार? माझ्या बापाचं येणं-जाणं मी गोळीवर ठेवणार नाही. मी रोज सकाळी आरशात मिशी बघून आप्पा आज घरी आहेत की नाहीत हे ठरवत बसणार नाही.

गोळी मी सोडलेली नाही. पापण्या मला हव्या आहेत. भुवया हव्या आहेत. डोक्यावर जे येईल ते मला आवडेल. पण ते माझं माझ्यासाठी आहे. त्याच्यावर तुमची अट बसवू देणार नाही.

काल त्याच सलूनमध्ये गेलो. सलूनवाल्याला म्हटलं, मिशी काढ. त्याचा हात थांबला.

"आप्पा बरे आहेत ना?"

"ठणठणीत आहेत."

"मग मी नाय काढायचो. मागच्या वेळेला काढली तर गावाने तुमच्या बापाला पोचवला. माझं नाव झालं."

"ठणठणीत आहेत म्हणूनच काढायची," मी म्हटलं, "वस्तरा इकडे दे."

त्याने नवी ब्लेड लावून वस्तरा माझ्या हातात दिला आणि स्वतः दारात जाऊन उभा राहिला, कोणी बघत असेल तर आपण नव्हतो असं सांगायला. मी आरशात बघून सावकाश काढली. मागच्या वेळी ती गेली होती. या वेळी मी काढली. दोन्ही वेळा तोंड तेच दिसतं, पण दुसऱ्या वेळी ते माझं होतं.

आता पुढचं. शाळेतल्या गुरुजींनी तुमची जन्मतारीख एक जून लिहिली, तुमच्या वर्गातल्या सगळ्यांची लिहिली तशी. म्हणजे रविवारी तुमचा वाढदिवस आहे. मी तुमच्यासाठी फ्लेक्स केला आहे, सहा बाय चार. क्षेत्रीय कार्यालयात जाऊन रीतसर परवानगी काढली. तिथला माणूस अर्ज बघून म्हणाला, "परवानगी? फ्लेक्सला?" मग त्याने शेजारच्याला बोलावून माझा अर्ज दाखवला. तरी सही केली.

फोटो तोच आहे, फेटा बांधलेला. हार काढला. खाली शुभेच्छुक म्हणून एकट्या माझा फोटो, कालचा, मिशी काढल्यानंतरचा. पोपटशेठ मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "जरा केस टाक की रे. आपल्याच घरचे आहेत." मी म्हटलं, "नको, शेठ. आहे तसा जाऊ दे." विक्रमभाऊंचा फोन आला, शुभेच्छुकांमध्ये त्यांचाही फोटो टाकावा म्हणून. मी सांगितलं, मागच्या वेळी तुम्ही होतात, या वेळी घरचे आहेत. जागा नाही.

मजकूर मी तीनदा तपासला आहे. "भैरू तोलणार यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा. ८ मे २०२४ रोजी याच खांबावर त्यांच्या निधनाचा फलक लागला होता. ते जिवंत आहेत. हे त्या दिवशी सांगायला त्यांच्या मुलाने उशीर केला. मुलाला अॅलोपेशिया आहे. तो पसरत नाही. - साईनाथ भैरू." पोपटशेठ म्हणाले, एवढं कोण वाचतं? मी म्हटलं, बसमधून उतरणारा एक माणूस वाचेल.

तर रविवारी तुम्ही चौकात उतराल तेव्हा समोर तो खांब असेल. सगळं वाचा. टपरीवरची पोरं बघत असतील, दत्तोबा बघत असतील. काटा थांबू द्या. मग डावीकडे घर आहे आणि रस्ता ओलांडला की नसरापूरकडची बस मिळते. दोन्ही वाटा तुम्हाला माहीत आहेत.

घराकडे वळलात तर दार उघडं असेल. मी टोपी घालणार नाही. त्या दिवशी मी शिरसाष्टांग नमस्कार करणार आहे, डोकं तुमच्या पायाशी टेकवून. काय दिसायचं ते दिसू दे.

साईनाथ